उरलेल्या ७०० मिलिग्रॅमचा हिशेब



शेलूबाजार, मंगरूळपीर आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या आपल्या वस्त्यांमध्ये सध्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचे डबे दिसू लागले आहेत. कुणी मेडिकलमधून आणतो, कुणी मोबाईलवर मागवतो. पण जास्त करून हे डबे साखळी पद्धतीने माल विकणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून घरात येतात. किंमत निंदणाच्या तीन-चार दिवसांच्या मजुरीएवढी, कधी त्याहूनही जास्त. विकणारा नात्यातला किंवा गल्लीतला, त्यामुळे नाही म्हणणं जड जातं. गुडघेदुखी, साखर, बीपी, मुलांची बुद्धी आणि अलीकडे सिकलसेल, या सगळ्यांवर एकच डबा पुढे केला जातो.

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन बरीच वर्षं वॉर्डात राबलो आणि आता वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करतो. आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. या डब्यातल्या ज्या किरकोळ ओमेगांची नावं घेऊन जादा पैसे मागितले जातात, त्यांच्यासाठी आपल्या घरातला एक रुपयाही जाऊ नये. आणि सिकलसेलच्या लेकराचं औषध तर त्यापायी एक दिवसही थांबू नये. असं का म्हणतो, ते हिशेबाने मांडतो.

डब्याची मागची बाजू

डब्यावर समोर मोठ्या अक्षरात '१००० मिलिग्रॅम' छापलेलं असतं. डबा उलटा करा. मागे बारीक अक्षरात दोन नावं सापडतील: ईपीए १८० मिलिग्रॅम आणि डीएचए १२० मिलिग्रॅम. साध्या कॅप्सूलमध्ये बहुतेक हेच प्रमाण असतं. माशाच्या तेलाचा जो काही नावलौकिक आहे, तो या दोघांमुळे आहे. दोन्हींची बेरीज ३००. मग उरलेले ७०० मिलिग्रॅम कशाचे?

पूर्वी विकणारे या ७०० बद्दल काही बोलत नसत. आता बोलू लागलेत. "यात नुसतं ओमेगा-३ नाही, ओमेगा-७ आहे, ९ आहे, डीपीए आहे, म्हणून हा डबा महाग," असं सांगितलं जातं. ऐकणाऱ्याला वाटतं, जेवढे आकडे जास्त तेवढी ताकद जास्त.

आधी हे आकडे समजून घेऊ. तेल, तूप, चरबी काहीही घ्या, ते मुख्यतः स्निग्धाम्लांचं बनलेलं असतं. स्निग्धाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची एक साखळी. काही साखळ्या आखूड, काही लांब. काहींमध्ये मधेच दुहेरी जोड असतात, काहींमध्ये एकही नसतो. शेपटीकडून मोजत गेल्यावर पहिला दुहेरी जोड तिसऱ्या कार्बनवर आला तर ते ओमेगा-३, सहाव्यावर आला तर ओमेगा-६, सातव्यावर ओमेगा-७, नवव्यावर ओमेगा-९. हा आकडा फक्त जोडाची जागा सांगतो. तो परीक्षेतल्या मार्कांसारखा नाही, की जास्त आला म्हणजे चांगला.

सातशेमध्ये काय काय असतं

जगातलं माशाचं तेल सगळ्यात जास्त पेरू या देशातून येतं. तिथल्या किनाऱ्यावर अँकोवेटा नावाचा बारका मासा मिळतो, आपल्या मुंबई-कोकणातल्या मांदेलीच्या कुळातला. अशा माशांच्या साध्या तेलाच्या एका कॅप्सूलमध्ये ईपीए-डीएचए सोडून साधारण काय असतं, ते पाहा. मासा आणि हंगाम बदलला की आकडे थोडे मागेपुढे होतात.

सगळ्यात मोठा वाटा संपृक्त स्निग्धाम्लांचा, म्हणजे पाल्मिटिक आणि मायरिस्टिक वगैरेंचा. हीच पामतेलात, तुपात, खोबरेल तेलात असतात. हृदयासाठी डॉक्टर जी चरबी कमी करायला सांगतात, ती हीच. एका कॅप्सूलमध्ये ती २५० ते ३०० मिलिग्रॅम असू शकते. अमेरिकेत खपाच्या काही कॅप्सूल तपासल्या, तेव्हा त्यांत ३६ टक्क्यांपर्यंत संपृक्त चरबी निघाली. तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एवढ्याशा चरबीने कुणाला काही होणार नाही. पण तिच्यासाठी माशाच्या तेलाचा भाव कशाला मोजायचा?

दुसरं ओलेइक, म्हणजेच ओमेगा-९. कॅप्सूलमध्ये १०० मिलिग्रॅमच्या आसपास. शेंगदाण्याच्या एका छोट्या चमचाभर तेलात ते २००० मिलिग्रॅमच्या जवळपास असतं. म्हणजे भाजीच्या फोडणीत वीस कॅप्सूलचं ओमेगा-९ आपण रोज टाकतो. ओमेगा-६ चं तर विचारूच नका. आपल्या जिल्ह्यात शिवारभर सोयाबीन, आणि सोयाबीनच्या तेलाचा निम्मा भाग ओमेगा-६ च आहे. 'ओमेगा ३-६-९' चा डबा घेणं म्हणजे शेलूबाजारच्या मार्केटात बाहेरून सोयाबीन विकत आणण्यासारखं आहे.

तिसरं पाल्मिटोलेइक, हे ओमेगा-७. ७० ते १०० मिलिग्रॅम. याचा सध्या फार गाजावाजा आहे. २००८ साली अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केला. शरीरातल्या चरबीतून निघणारं हे स्निग्धाम्ल स्नायूंना इन्सुलिन वापरायला मदत करतं, असं त्यांना दिसलं. प्रयोग चांगला होता, पण तो उंदरांवरचा होता. माणसाची गोष्ट गुंतागुंतीची आहे. आपण गरजेपेक्षा जास्त भात, भाकरी, साखर खाल्ली की यकृत त्या जादा साखरेतून हेच ओमेगा-७ तयार करतं. ज्यांच्या यकृतात चरबी साठली आहे, त्यांच्या रक्तात ते बऱ्याचदा वाढलेलंच असतं. जे शरीर स्वतः बनवतं, कधी नको तेवढं बनवतं, ते साखरेच्या रोग्याला विकत घ्यायला लावणं आम्हाला पटत नाही.

चौथं डीपीए. हे खरोखरच ओमेगा-३ आहे. ईपीए आणि डीएचए या दोघांच्या मधला हा भाऊ. शरीर ईपीएची साखळी वाढवून डीपीए बनवतं, आणि गरज पडली तर डीपीएचं परत ईपीए करतं. कॅप्सूलमध्ये ते साधारण २० ते ३० मिलिग्रॅम असतं. सीलच्या चरबीत ते जास्त. ग्रीनलंडचे इनुइट लोक ती चरबी खातात. १९७० च्या दशकात डेन्मार्कच्या बँग आणि डायरबर्ग या संशोधकांनी त्यांच्या रक्ताचा अभ्यास केला, तिथून माशाच्या तेलाची ही सगळी चर्चा वाढली. पण डीपीए मिळवायला ग्रीनलंडला जायची गरज नाही. चरणाऱ्या जनावराच्या मटणात, काळजात ते असतं. आईच्या दुधातही असतं. ज्यांच्या रक्तात डीपीए जास्त, त्यांच्यात हृदयविकार कमी दिसतो, असं काही पाहण्यांत आढळलं आहे. मात्र त्यावरून विकत घेतलेल्या डीपीएने हृदयविकार टळतो असं सिद्ध होत नाही. माणसांना डीपीए देऊन केलेले अभ्यास थोड्या लोकांवरचे आणि थोड्या दिवसांचे आहेत.

याशिवाय स्टिअरिडोनिक, हेरिंग-कॅपेलिनसारख्या थंड समुद्रातल्या माशांमधलं सिटोलेइक आणि अगदी नखभर फ्युरान स्निग्धाम्लं. यांच्यावर प्रयोगशाळेत काम चालू आहे आणि ते चालायलाच हवं. उद्या त्यातून औषध निघालं तर आम्हीच तुम्हाला घ्या म्हणून सांगू. आज मात्र संशोधकाच्या मनातला प्रश्न विकणाऱ्याच्या तोंडात उत्तर बनून आला आहे, आणि त्या उत्तराची किंमत आपण मोजतो आहोत.

मोठ्या दोघांचं काय?

"बरं, किरकोळ सोडा, पण ईपीए-डीएचए तर चांगलं ना?" हा प्रश्न रास्त आहे. २०१८ साली दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. एक अमेरिकेत, २५,८७१ लोकांवर. दुसरा ब्रिटनमध्ये, साखरेच्या १५,४८० रोग्यांवर. दोन्हींमध्ये रोज एक कॅप्सूल दिली, आणि तीही शुद्ध करून घट्ट केलेली. तिच्यात ईपीए-डीएचए मिळून ८४० मिलिग्रॅम, आपल्या बाजारातल्या साध्या कॅप्सूलच्या जवळजवळ तिप्पट. लोक ती वर्षानुवर्षं घेत होते. तरी हार्ट अटॅक, लकवा वगैरे सगळं मिळून धरलं तर कॅप्सूल घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत ठोस फरक दिसला नाही.

एक अपवादही सांगायला हवा. रक्तातली ट्रायग्लिसराइडची चरबी वाढलेल्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या रोग्यांना, स्टॅटिनच्या गोळीसोबत, रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीए दिल्यावर एका अभ्यासात फायदा दिसला. पण ते डॉक्टरने लिहून द्यायचं औषध आहे. दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात ईपीए-डीएचएच्या तशाच मोठ्या डोसने फायदा झाला नाही. शिवाय मोठ्या डोसने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात. म्हणून स्वतःच्या मनाने दिवसाला चार-पाच कॅप्सूल घेऊ नका.

सिकलसेलच्या घरात

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आहे, ही गोष्ट जुनी आहे. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी १९५८ सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटीच्या माध्यमातून आयुष्यभर रोग्यांसाठी झगडा दिला. त्यांना २०१८ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एवढं होऊनही आपल्या वस्त्यांत आजही लेकराची कळ उठली की आई-बाप गोंधळून जातात. गोंधळलेल्या माणसाला काहीही विकता येतं.

विकणारे सांगतात, "परदेशात अभ्यास झाला आहे." अर्धं खरं आहे. सुदानमध्ये १४० रोग्यांवर एक चांगला अभ्यास झाला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. वर्षभर ओमेगा-३ कॅप्सूल घेतलेल्यांना दुखण्याच्या कळा कमी आल्या. सिकलसेलच्या रोग्यांच्या लाल पेशींच्या आवरणात ईपीए-डीएचए कमी असतं, त्यामुळे हा विचार अगदी निराधार नाही. पण त्या कॅप्सूलमध्ये डीएचए २७८ मिलिग्रॅमच्या आसपास आणि ईपीए ३९ होतं. बाजारातल्या साध्या कॅप्सूलमध्ये डीएचए त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी असतं. तो अभ्यास डीएचए-ईपीएचा होता. ओमेगा-७, ओमेगा-९, डीपीए यांची परीक्षा त्यात झालीच नाही. मग त्यांच्या नावाने जादा भाव कशाच्या जोरावर?

आता आपल्या घरच्या पुराव्याकडे या. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी सिकलसेलचा तीव्र त्रास असलेल्या आपल्याच भागातल्या मुलांना हायड्रॉक्सियुरिया कमी मात्रेत दिलं. तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या कळा कमी झाल्या. हे औषध शरीरातलं बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवतं आणि त्यामुळे पेशी विळ्यासारख्या वाकायच्या कमी होतात. त्यासाठी ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं, डोस डॉक्टरच ठरवतात, आणि गरोदरपणात ते चालत नाही. सरकारी सिकलसेल कार्यक्रमात ते मोफत मिळायला हवं. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी, भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, वेळेवर लसी, आणि ताप आला की वाट न पाहता दवाखाना. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय सुरू करू नका.

आमच्या पाहण्यात अशी घरं आहेत, जिथे डबा आल्यावर हायड्रॉक्सियुरिया बाजूला पडलं. "हे नैसर्गिक, ते केमिकल," एवढ्या एका वाक्यावर. मग थंडीत कळ उठते, लेकरू भरती होतं, रक्त चढवावं लागतं. डबा विकणारा तेव्हा रुग्णालयात येत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधासोबत कुणाला डीएचएची कॅप्सूल द्यायची असेल तर ती वेगळी गोष्ट. औषधाच्या जागी कोणतीही कॅप्सूल देऊ नका.

"आपण नेहमी स्वस्तातलंच खायचं का?"

एका बैठकीत एका भावाने आम्हाला विचारलं, "मोठ्या लोकांची पोरं ओमेगा खातात, आमच्या पोरांना तुम्ही जवसाची चटणी सांगता. आम्ही नेहमी स्वस्तातलंच खायचं का?" या प्रश्नामागची चीड आम्हाला कळते. पिढ्यानपिढ्या उरलंसुरलं खाल्लेल्या समाजाने चांगलं खाण्याचा आग्रह धरलाच पाहिजे. पण चांगलं म्हणजे महाग, हे दुकानदाराने शिकवलेलं गणित आहे. ज्या घरातली पोरं ती कॅप्सूल खातात, त्यांच्या ताटात अंडी, डाळ, मासा, फळं आधीच असतात. आपल्या ताटातून ते सगळं काढून तेवढ्या पैशांची कॅप्सूल आणली, तर ती बरोबरी होत नाही, उलट तोटाच होतो.

ताटात काय असावं, ते सांगतो. दळलेल्या जवसाच्या एका मोठ्या चमच्यात साधारण दीड ग्रॅम वनस्पतीतलं ओमेगा-३ असतं. दिवसाची गरज जवळपास तेवढीच. त्यातलं फार थोडं ईपीएमध्ये बदलतं आणि डीएचएमध्ये त्याहून कमी, हे खरं आहे. तरी मूळ गरज त्याने भागते. वर्षावासात किंवा कायमचा मांसाहार सोडलेल्या घरांसाठी जवस फार मोलाचं. मंद आचेवर भाजा, लसूण-तिखट-मीठ घालून कुटा. अख्खं जवस पचत नाही, तसंच बाहेर पडतं. सोयाबीनच्या तेलातही सुमारे ७ टक्के हेच ओमेगा-३ असतं.

मासा खाणाऱ्यांनी मासा खा. महानच्या काटेपूर्णा धरणासारख्या आपल्या धरणांतला रोहू, कटला चांगलं प्रथिन देतो, ईपीए-डीएचए मात्र थोडंच. समुद्रातला बांगडा, तारली मिळाली तर ते जास्त. आठवडी बाजारातली सुकट आणि बोंबील आपल्या ताटातलं जुनं अन्न आहे. वाळवताना त्यातलं काही ओमेगा-३ मोडतं, तरी प्रथिनं आणि सुकटीतलं कॅल्शियम राहतं. बीपीवाल्यांनी खारवलेला मासा भिजवून, पाणी फेकून, थोडाच खावा. अंड्याच्या पिवळ्या बलकातही थोडं डीएचए असतं. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं होतं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी बंद केला. चांगल्या खाण्याचा आग्रह धरायचाच असेल, तर त्या अंड्यासाठी धरू या.

ज्यांच्या घरात डबा आहे त्यांच्यासाठी

घरात डबा असेल तर फेकू नका, पण तपासा. अन्न सुरक्षा कायद्याखालचा परवाना क्रमांक आहे का? 'हे औषधी वापरासाठी नाही' अशी इंग्रजीत सूचना असते, ती मुलांकडून वाचून घ्या. कंपनीने स्वतः हे छापलेलं असताना विकणारा औषध म्हणून सांगतो, तो कशाच्या आधारावर? साखर, बीपी, कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

एक कॅप्सूल कापून वास घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिनाच्या घरात हे तेल लवकर खराब होतं. जुन्या रंगासारखा किंवा खवट वास आला तर ती घेऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, ऑपरेशन ठरलं असेल, किंवा ठोके अनियमित असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. कॉड माशाच्या लिव्हरचं तेल वेगळं असतं. त्यात 'अ' जीवनसत्त्व भरपूर असतं, ते गरोदर बाईने स्वतःच्या मनाने घेऊ नये, बाळाला अपाय होऊ शकतो.

तथागतांनी कालामांना सांगितलं, की कुणी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. येत्या वंदनेच्या दिवशी विहारात महिला मंडळाने एवढंच करावं. ज्यांच्या घरी असे डबे आहेत त्यांनी ते आणावेत आणि शिकलेल्या मुलींनी मागची बाजू सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावी. ईपीए किती, डीएचए किती, बाकी काय, आणि किंमत किती. त्याच बैठकीत वस्तीत सिकलसेलची किती लेकरं आहेत आणि त्यातल्या कितींना हायड्रॉक्सियुरिया नियमित मिळतं, याचीही यादी करावी. १ जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. त्यात तपासणीचा भर आदिवासी भागांवर आहे, आणि तो योग्यच आहे. पण आपल्या वस्त्यांची तपासणीही व्हायला हवी. ती यादी आशाताईमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रात लेखी द्या आणि पोच घ्या. औषध संपलं असं उत्तर मिळालं, तर तेही लेखी मागा.

जय भीम.